कॉन्ट्रॅक्टवर गल्फला गेलात, तर भारतात आयकर लागतो का?

रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्यात ज्याचं कोणीच सौदी, कतार, कुवेत नाहीतर दुबईला नाही, असं घर शोधावं लागतं. कोणी रिफायनरीत पाइप फिटर आहे, कोणी वेल्डर, कोणी स्कॅफोल्डिंगवर, कोणी सेफ्टी ऑफिसर. यातल्या बहुतेकांची नोकरी थेट तेल कंपनीत नसते. तेल कंपनीचं काम घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडे असते, किंवा त्या कॉन्ट्रॅक्टरला माणसं पुरवणाऱ्या सप्लाय कंपनीत. आणि या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: "गल्फच्या पगारावर टॅक्स नसतो."

हे वाक्य तिथल्या सरकारपुरतं खरं आहे. सौदी, अमिराती, कतार, कुवेत यांपैकी कुठेही नोकरदाराच्या पगारावर आयकर नाही. (ओमानने मात्र ४२,००० रियालच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर ५ टक्के कर २०२८ पासून लावण्याचा कायदा केला आहे. आखातातला हा पहिलाच देश. साध्या कामगाराचा पगार त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही.) पण भारत सरकार त्या पगारावर कर मागू शकतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "तुम्ही एनआरआय आहात" एवढ्यावर ठरत नाही. ते ठरतं तारखांवर. मोठी कमाई करणाऱ्या इंजिनिअरला या तारखांचा फटका लाखांत बसतो आणि त्याला ते कळतं नोटीस आल्यावर. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मूळ नियम. आयकर कायदा तुमचं नागरिकत्व फारसं बघत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही किती दिवस भारतात होतात, ते बघतो. १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असाल, तर त्या वर्षापुरते तुम्ही निवासी. निवासी माणसाने जगात कुठेही कमावलेला पैसा भारतात करपात्र होतो. अनिवासी माणसाला फक्त भारतात कमावलेल्या किंवा भारतात हातात पडलेल्या उत्पन्नावर कर लागतो. आणि हा दर्जा दर वर्षी नव्याने ठरतो. गेल्या वर्षी अनिवासी होतात म्हणून यंदाही असालच, असं नाही.

१८२ दिवसांखेरीज दुसरी एक कसोटी आहे, आणि खरा घोळ तिथे होतो. वर्षात ६० दिवस भारतात, आणि त्याच्या आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात, असं असलं तरी माणूस निवासी ठरतो. नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला, ज्या वर्षी तो जातो त्या वर्षापुरती, ही ६० दिवसांची अट लागत नाही. त्याला १८२ दिवसांचाच नियम. परदेशात राहणारा भारतीय सुट्टीवर घरी आला, तर त्यालाही १८२ दिवसांचीच मर्यादा. फक्त त्याचं भारतातलं उत्पन्न, म्हणजे परदेशी पगार सोडून भाडं, व्याज, शेअर वगैरे, १५ लाखांच्या वर गेलं, तर मर्यादा १२० दिवसांवर येते.

आता जायची तारीख बघू. समजा संदेश नावाचा पाइप फिटर सौदीला निघाला आहे. व्हिसा आला, मेडिकल झालं, एजंट म्हणतो, "तिकीट २५ सप्टेंबरचं काढू की गणपती-नवरात्र उरकून ५ ऑक्टोबरचं?" १ एप्रिलपासून मोजत गेलं, तर एप्रिल ते ऑगस्ट मिळून १५३ दिवस होतात. २८ सप्टेंबरला विमान पकडलं, तर निघायचा दिवस धरूनही १८१ दिवस. २९ सप्टेंबरला १८२ पुरे होतात. संदेश २८ सप्टेंबरपर्यंत निघाला आणि ३१ मार्चपर्यंत परत आला नाही, तर त्या वर्षी अनिवासी. ५ ऑक्टोबरला निघाला, तर १८८ दिवस, म्हणून निवासी. आणि ऑक्टोबर ते मार्चचा सौदीचा पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागणार. निघायचा आणि यायचा दिवस मोजायचा की नाही, यावर वाद झालेले आहेत. त्या वादात पडूच नका. दोन्ही दिवस भारतातले धरा आणि चार-पाच दिवसांचं अंतर राखून तिकीट काढा.

घाबरून जायचं कारण नाही, हेही लगेच सांगतो. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या कर प्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. महिन्याला साठ-सत्तर हजार पडणाऱ्या फिटरने सौदीचा पगार दाखवला, तरी त्याला बहुधा एक रुपयाही भरावा लागत नाही. पण दाखवावा लागतो. कर शून्य आहे आणि रिटर्न भरायचं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवासी माणसाच्या नावावर परदेशात बँक खातं असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं आणि त्यात ते खातं दाखवणं बंधनकारक आहे.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं शटडाऊनच्या कामाला जाणाऱ्यांना. रिफायनरी देखभालीसाठी बंद करतात तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला दोन-तीन महिन्यांसाठी शेकडो माणसं लागतात. आपली मुलं जातात, दिवसरात्र राबतात, परत येतात आणि इथल्या कंपनीत पुन्हा हजर होतात. त्यांचे भारतातले दिवस पावणेतीनशेच्या घरात भरतात. त्या वर्षी ते पक्के निवासी. शटडाऊनचा सगळा पगार भारतात करपात्र. इथला सहा लाख आणि तिथला तीन लाख मिळून नऊ लाख झाले, तर कर शून्यच येईल. पण सेफ्टी किंवा इन्स्पेक्शनचा माणूस इथे अकरा लाख कमावत असेल, तर तिथले तीन-चार लाख त्याला १२.७५ च्या पलीकडे नेतात. इथली कंपनी पगार आणि कापलेल्या कराचा जो दाखला देते, त्या फॉर्म १६ मध्ये हा पैसा नसतो, म्हणून रिटर्न भरताना तो मोजायचाच राहतो.

जाण्यापेक्षा परत येण्याची तारीख जास्त महाग पडते. याकडे जवळपास कोणी बघत नाही.

दोन-अडीच वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट करून आलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. इम्रान मेकॅनिकल सुपरवायझर आहे. १० जुलै २०२३ ला कतारला गेला, प्रोजेक्ट संपला, आणि फायनल एक्झिट घेऊन १५ डिसेंबर २०२५ ला घरी आला. ३१ मार्च २०२६ पर्यंत तो भारतात १०७ दिवस राहिला. १८२ पेक्षा खूप कमी, म्हणून त्याला वाटतं आपण अनिवासी. पण तो आता सुट्टीवर आलेला नाही. नोकरी संपवून कायमचा आला आहे. सुट्टीवर येणाऱ्याची सवलत त्याला मागता येत नाही आणि ६० दिवसांची कसोटी परत लागू होते. आधीच्या चार वर्षांपैकी दोन वर्षं तर तो पूर्ण भारतातच होता, म्हणजे ३६५ दिवस केव्हाच भरले. इम्रान निवासी ठरला. एप्रिल ते डिसेंबर २०२५ चा कतारचा पगार भारतात करपात्र झाला.

आकडा किती होतो? महिन्याला अडीच लाख धरले तर साडेआठ महिन्यांचे २१.२५ लाख. प्रमाणित वजावट काढून २०.५० लाख. नव्या प्रणालीच्या टप्प्यांनी कर २,१२,५०० आणि ४ टक्के उपकर धरून २,२१,००० रुपये. तोच इम्रान मध्ये सुट्टीवर न येता १ फेब्रुवारी २०२६ ला परत आला असता, तर ३१ मार्चपर्यंत ५९ दिवस झाले असते आणि या पगारावर इथे कर लागला नसता. वर्षात आधी ईदला वीस दिवस येऊन गेला असेल, तर तेही दिवस याच बेरजेत धरायचे, हे विसरू नका. कंपनी एक्झिट कधी देईल हे नेहमी आपल्या हातात नसतं, मान्य आहे. पण डिमोबिलायझेशनची, म्हणजे माणसं परत पाठवायची, यादी लागते तेव्हा फोरमनला किंवा एचआरला "मला पुढच्या बॅचमध्ये घाला" असं सांगता येतं. निदान कर किती लागणार हे आधी माहीत असलं, तर तेवढे पैसे बाजूला राहतात. तिथे कर कापलेला नसतो, त्यामुळे आगाऊ कर भरायची जबाबदारी तुमची. उशीर झाला की व्याज चढतं.

दहा-पंधरा वर्षं बाहेर काढलेल्यांचं गणित याच्या उलट चालतं. वर्षाकाठी दोन महिने सुट्टी धरली, तर चार वर्षांत २४० दिवस होतात, ३६५ होत नाहीत. म्हणून असा माणूस डिसेंबरमध्ये कायमचा परतला, तरी अनिवासीच राहतो. जूनमध्ये परतला आणि १८२ दिवस भरले, तरी तो एकदम पूर्ण निवासी होत नाही. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्या, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्या माणसाला कायदा "सामान्यतः निवासी नसलेला निवासी" असा मधला दर्जा देतो. या दर्जात परदेशात कमावलेल्या पगारावर इथे कर नाही. हा दर्जा साधारण दोन-तीन वर्षं टिकतो. तिथली शिल्लक, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी यांची नीट आवराआवर करायला तेवढा वेळ पुरतो.

२०२० च्या बजेटनंतर गल्फमध्ये एक अफवा फिरली होती की जिथे टॅक्स नाही तिथल्या भारतीयांना आता इथे टॅक्स लागणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तिने किती घरांची झोप उडवली! त्यातलं खरं एवढंच: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि कुठल्याच देशात कर भरायची जबाबदारी नसेल, तर भारतीय नागरिकाला निवासी मानलं जातं. पण तोही वरच्या त्या मधल्या दर्जाचा, म्हणजे परदेशातल्या पगाराला हात लागत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाने २ फेब्रुवारी २०२० लाच तसा खुलासा केला होता.

दिवसांचं गणित एवढं झालं. आता पगार कोण देतो आणि कुठे देतो ते.

सप्लाय कंपनी किंवा परदेशी कॉन्ट्रॅक्टर तुमचा पगार तिथल्या खात्यात टाकतो आणि तुम्ही तो घरी पाठवता, हा सगळ्यात सरळ प्रकार. अनिवासी असाल तर इथे कर नाही, आणि तिथे एकदा हातात आलेला पैसा नंतर भारतात पाठवला म्हणून तो नव्याने उत्पन्न होत नाही. आई-वडिलांच्या किंवा बायकोच्या खात्यात पाठवलात, तरी नाही.

भारतीय कॉन्ट्रॅक्टर कंपनीच्या पगारपत्रकावर राहून साइटवर गेलेल्यांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. तिथे जेवण-राहणं कॅम्पमध्ये, खर्चापुरते पैसे तिथल्या चलनात, आणि मुख्य पगार मुंबई-पुण्याच्या बँकेत जमा. कायदा म्हणतो, भारतात मिळालेलं उत्पन्न अनिवासी माणसालाही करपात्र. काम परदेशात केलं, म्हणून पगार तिथेच उपजला, असा बचाव करता येतो आणि काही निकाल नोकरदाराच्या बाजूने लागलेले आहेत. पण खलाशांना २०१७ च्या परिपत्रकाने जसा सरळ दिलासा मिळाला, की परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार इथल्या एनआरई खात्यात (परदेशातला पैसा ठेवायचं अनिवासी माणसाचं खातं) आला तरी तो उत्पन्नात धरू नये, तसा तो साइटवरच्या कामगाराला दिलेला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कंपनी ऐकत असेल, तर पगार आधी परदेशातल्या खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा. कोर्टात जिंकण्यापेक्षा कोर्टात जावंच न लागणं बरं.

अशा कंपन्यांचा पेरोल विभाग वर्षभर तुम्हाला निवासी धरून टीडीएस (पगार देतानाच कापायचा कर) कापत राहतो, कारण वर्षाअखेर तुमचे किती दिवस भरतील हे त्याला ठाऊक नसतं. जाताना लेखी कळवा. तरीही कापलाच, तर तो पैसा बुडाला असं समजून सोडून देऊ नका. अनिवासी म्हणून रिटर्न भरून परतावा मागता येतो.

तुमचा कॉन्ट्रॅक्टर दुबईचा आणि काम मात्र मुंबई हायच्या रिगवर, असंही होतं. पगार दिरहममध्ये, खातं दुबईत, तरी तो पगार भारतात कमावलेला. मुंबई हाय समुद्रात शंभरावर किलोमीटर आत असलं, तरी आयकर कायद्याच्या लेखी तो भारतच आहे. तिथले दिवसही भारतातले दिवस.

जर्मनी, जपान, अमेरिकेसारख्या देशांत गेलात तर तिथेच कर लागतो. करारांमध्ये एक सवलत असते: १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिला नाहीत, पगार देणारा त्या देशातला नाही आणि पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या कायम आस्थापनेवर (धंद्याच्या कायमच्या ठिकाणावर) पडत नाही, तर तिथे कर नाही. बांधकामाच्या मोठ्या प्रोजेक्टवर ही तिसरी अट बऱ्याचदा मोडते, कारण बरेच महिने चाललेली साइट हीच कॉन्ट्रॅक्टरची कायम आस्थापना ठरते. तुम्ही भारतात निवासी असाल, तर तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा मिळतो. त्यासाठी २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना फॉर्म ६७ भरायचा आणि तिथे कर भरल्याचा पुरावा जोडायचा.

बँकेचं काम आपल्याकडे कायम मागे पडतं. परकीय चलनाचा कायदा (फेमा) आयकरापेक्षा वेगळ्या पद्धतीने बघतो: नोकरीसाठी बाहेर पडलात, की त्याच्या लेखी लगेच अनिवासी. गावच्या बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि परदेशातला पैसा आणायला एनआरई खातं. एनआरईच्या व्याजावर कर नाही. एनआरओच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के टीडीएस कापते आणि 'माझ्यावर कर लागत नाही' असं सांगणारा फॉर्म १५जी देऊन तो थांबवता येत नाही. मीरा रोड किंवा मुंब्र्याचा फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर भाडेकरूनेही टीडीएस कापायला हवा. हे ना मालकाला माहीत असतं ना भाडेकरूला. आणि ती १२ लाखांची सवलत फक्त निवासींना आहे. वजावटी जाऊन भारतातलं करपात्र उत्पन्न सहा लाख उरलं, तर इथे राहणाऱ्या भावाला कर शून्य आणि गल्फमधल्या भावाला १०,४०० रुपये.

परत आल्यावर तिथलं खातं चालू राहिलं आणि तुम्ही पूर्ण निवासी झालात, तर ते रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहायचंच. काळा पैसा कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही, पण माहिती द्यायची जबाबदारी तशीच आहे.

कागद जपा, एवढं कळकळीने सांगतो. दुबईच्या स्मार्ट गेटमधून गेलं की शिक्का बसत नाही, म्हणून तिकीट आणि बोर्डिंग पास फोनमध्ये ठेवा. जुना पासपोर्ट नूतनीकरणानंतर टाकून देऊ नका. इकामा (तिथला निवास परवाना), नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, तिथल्या बँकेचं स्टेटमेंट यांचे फोटो घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. फायनल एक्झिटनंतर तिथलं खातं बंद झालं की स्टेटमेंट मिळवणं फार अवघड जातं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ आला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, "कर वर्ष" हा शब्द आला. दिवसांच्या या कसोट्या मात्र मुळात त्याच आहेत. २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं. अनिवासी माणसाला सोपा आयटीआर-१ चालत नाही. पगार, भाडं, व्याज असेल तर आयटीआर-२. सायबर कॅफेवाला घाईत आयटीआर-१ भरून देतो, आणि त्या फॉर्ममुळे तुम्ही स्वतःला निवासी म्हणून जाहीर केलेलं असतं.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते पडताळावं लागतं, आणि आधारचा ओटीपी जातो तुमच्या भारतातल्या सिमवर. रिचार्ज नाही म्हणून ते सिम बंद पडलेलं असतं आणि भरलेलं रिटर्न न भरल्यासारखं होतं. तेव्हा जाण्याआधी तो नंबर चालू राहील अशी सोय घरच्यांकडे लावून जा, किंवा बँकेचं नेट बँकिंग सुरू करून घ्या. त्यातूनही पडताळणी होते. दोन्ही नसेल, तर सही केलेली पावती ३० दिवसांत पोचेल अशा बेताने बंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टने पाठवायची.